शेवटचा हात

मराठी भाषेत 'हात' या शब्दाइतका राबणारा शब्द दुसरा नसेल. आपण अडल्यानडल्याला हात देतो, वर्गणी मागायला कोणी आले की हात आखडता घेतो, मुलाच्या प्रगतिपुस्तकापुढे हात टेकतो आणि शेजाऱ्याशी पटले नाही की दोन हात करतो. पण हेच 'दोन हात' रंगाऱ्याच्या तोंडी गेले की त्यांचा अर्थ अगदी निराळा होतो. दिवाळीआधी घर रंगवायला बोलावलेला रंगारी भिंतीकडे डोळे किलकिले करून पाहतो, नखाने एखादा पापुद्रा उचकटतो आणि निकाल देतो, "साहेब, अस्तर मारून वर दोन हात द्यावे लागतील." गृहस्थ काकुळतीने विचारतो, "एका हातात भागणार नाही का?" रंगारी नुसता हसतो. त्या हसण्यात सगळे शास्त्र आलेले असते.

शब्दकोशात थर आहे, लेप आहे, पुट आहे, मुलामाही आहे. मराठी शिकवणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे या सर्वांविषयी मला आदर आहे. तरीपण रंगाऱ्याचा 'हात' मला अधिक प्रामाणिक वाटतो. थर गाळाचाही साचतो आणि धुळीचाही बसतो. त्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. हात मात्र कोणीतरी द्यावा लागतो. आणि एक दिल्यावर दुसरा देण्याआधी थांबावे लागते. या थांबण्याला किती अर्थ असतो, हे गेल्या वर्षीच्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत मी आमच्या गावी, वरंधला, जवळून पाहिले.

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता ज्या घाटाने सह्याद्री चढतो त्याला वरंध घाट म्हणतात. घाट पुष्कळांना ठाऊक असतो. गाव ठाऊक असणारे थोडे. प्रवासी पावसात धबधबे पाहतात, घाटातल्या टपरीवर गरम भजी खातात, माकडांना हुसकतात आणि निघून जातात. ज्यांना थोडी अधिक सवड असते ते वाट वाकडी करून शिवथरघळीला जाऊन येतात; समर्थांनी 'दासबोध' तेथे सांगितला अशी परंपरा आहे. घाटाला ज्याने नाव दिले ते गाव पायथ्याकडे आपल्या भातखाचरांत निवांत बसलेले असते. तेथे आमचे जुने घर आहे आणि त्या घरात माझे थोरले बंधू व वहिनी राहतात.

दादा हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. उभी हयात त्यांनी मुलांच्या कागदावरचे आंबे आणि तांबे दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी कॅनव्हास ताणला. मनात तैलरंग होते. पण वहिनींना दमा आहे, आणि टर्पेंटाइनची बाटली उघडली की त्यांचा श्वास अडतो. तेव्हा दादांनी तैलरंगांचा नाद सोडला आणि ॲक्रिलिक रंग घेतले. हे रंग पाण्यात कालवता येतात आणि त्यांना टर्पेंटाइन लागत नाही. वहिनी म्हणतात, "माझ्या दम्यानं यांना आधुनिक केलं." त्यात तथ्य आहे.

हे रंग तसे फार जुने नव्हेत. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक चित्रकारांसाठी म्हणून अमेरिकेत बाजारात आले ते १९५५ साली. तैलरंगाला चारपाचशे वर्षांची घराणेशाही. त्याच्यापुढे हे कालचे पोर. त्याची घडण मात्र मोठी गमतीची आहे. ॲक्रिलिक राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, जसे दुधात लोण्याचे कण असतात. म्हणून हा चीक ओला असताना दुधासारखाच पांढुरका दिसतो. त्यात रंगाची पूड खललेली असते. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना बिलगतात, एकजीव होतात आणि त्यांचा पारदर्शक पापुद्रा बनतो. पांढुरकेपणा गेल्यामुळे वाळलेला रंग ओल्यापेक्षा किंचित गडद दिसतो. नवशिका चित्रकार येथेच फसतो. संध्याकाळी मनाजोगते आकाश रंगवून झोपतो आणि सकाळी पाहतो तो ढग दाटलेले!

आणि एकदा वाळला की हा रंग पुन्हा पाण्याने विरघळत नाही. तैलरंग दिवसच्या दिवस ओला राहतो; त्याला पुसता येते, सरकवता येते, खरवडता येते. आपले वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांची ख्याती त्यासाठीच. १९२४ मध्ये नागपूरला जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा अबोल माणूस रोलरने आणि सुरीने तैलरंग चढवी आणि उतरवी, पुन्हा चढवी आणि पुन्हा उतरवी. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. २००१ साली ते गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. ही चढउतार ॲक्रिलिकमध्ये फारशी जमत नाही. दहा-पंधरा मिनिटांत पातळ थर सुकतो आणि केलेले कायम होते. दादा आपल्या मास्तरी भाषेत सांगतात, "पाटीवरचं पुसता येतं. हे पुसता येत नाही. याच्यावर फक्त दुसरं लिहिता येतं."

दादांचे दैवत मात्र गायतोंडे नव्हे, प्रभाकर बरवे. बरवे आपल्या जिल्ह्यातले, १९३६ साली नागावला जन्मलेले. दादांना त्यांचा अभिमान दुहेरी: एक तर 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले, आणि दुसरे म्हणजे दारे-खिडक्यांना लावतात तो इनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणून बसवला. "रंगारी आणि चित्रकार यांच्यात फरक हातांचा नसतो," दादा म्हणतात, "डोळ्यांचा असतो. हात दोघांनाही सारखेच द्यावे लागतात."

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या घराच्या ओटीवरून ओढ्यापलीकडचा एक डोंगरउतार दिसतो. त्या उताराच्या पायथ्याला एका काकींची चार पडव्यांची वाडी होती. नाते रक्ताचे नाही. पण गावात सगळेच त्यांना काकी म्हणतात. गुरांचा गोठा, एक रायवळ आंबा, नाचणीचे वरकस आणि दगडी गडगा एवढा त्यांचा संसार. मुलगा मुंबईला नोकरीत आणि राहायला डोंबिवलीला. २०२१ च्या जुलैत जो पाऊस झाला तो आमच्या तालुक्यात कोणी विसरणार नाही. २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले आणि घाट जागोजागी खचला. त्या रात्री आमच्या समोरच्या उताराचाही एक पट्टा सुटून खाली आला. माणूस गेले नाही, हे नशीब. पण गोठा, आंबा आणि गडगा नाहीसा झाला. सकाळी पाहिले तर हिरव्या डोंगरावर वरपासून खालपर्यंत एक तांबडा ओरखडा.

गेल्या वर्षी गणपतीला काकींचा मुलगा आला होता. आरतीनंतर ओटीवर बसला आणि दादांना म्हणाला, "मास्तर, आमच्या डोंगराचं एक चित्र काढून द्या. ब्लॉकमध्ये लावायचंय. पण पूर्वीचा डोंगर काढा. गोठा, आंबा, सगळं होतं तसं. ती दरड नको. दिवाळीला न्यायला येतो."

दादांनी लगेच होकार दिला. मलाही त्यात काही अवघड दिसले नाही. होते तसे काढायचे, एवढेच तर होते.

तीन फूट बाय दोन फुटांचा कॅनव्हास ताणला. त्यावर अस्तराचे तीन हात झाले. चित्रकार याला जेसो म्हणतात. खडूची पूड आणि पांढरा रंग ॲक्रिलिकच्या चिकात कालवून हे अस्तर करतात. पहिला हात आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. दोन हातांच्या मधे बारीक पॉलिशपेपरने हलके घासायचे, म्हणजे गाठी जातात. घासण्याचे काम माझ्याकडे होते. मी उत्साहाने गुळगुळीत करीत सुटलो तेव्हा दादांनी थांबवले. "आरसा नको करू. वरच्या रंगाला धरायला काहीतरी पाहिजे." गवंडी जुन्या भिंतीवर गिलावा चढवण्याआधी ती टोचून खडबडीत करतो, त्यातलाच हा प्रकार.

अस्तरावर दादांनी गेरूसारखा तांबूस हात दिला. पांढऱ्या कॅनव्हासवर सगळेच रंग बावचळतात, म्हणून आधी एक मधला रंग द्यावा, असा संकेत आहे. आमच्याकडची मातीही तांबूस, तेव्हा ती निवड सहजच झाली. मग मोठ्या ब्रशाने डोंगराचे ढोबळ उजेड आणि सावल्या मांडल्या. दूरच्या कड्यांचे पट्टे आले. आपला सह्याद्री हा स्वतःच हातावर हात देऊन केलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा एक लोट आला, थिजला. काही काळाने त्यावर दुसरा आला. मधल्या काळात वरच्या खडकाची जी माती झाली ती पुढच्या लोटाखाली भाजून निघाली आणि तिचा तांबडा थर दोन काळ्या थरांत चेपून राहिला. घाटात कापलेल्या कड्यांमध्ये असा तांबडा पट्टा दिसला तर थांबून पाहावा. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना.

रंगाचे मुख्य काम यानंतर सुरू झाले. दादा दोन जातींचे रंग वेगळे ठेवतात. टिटॅनियमचा पांढरा, पिवळी माती, कॅडमियमचा पिवळा हे अपारदर्शक, खालचे झाकणारे. थॅलो हिरवा, थॅलो निळा हे पारदर्शक, खालचे दाखवणारे. वहिनींनी त्यांना सोपी नावे दिली आहेत: घोंगडी आणि ओढणी. घोंगडी पांघरली की आतले काही दिसत नाही. ओढणीतून सगळे दिसते, फक्त रंग बदलतो. हिरव्या डब्यातला हिरवा एकदम फासला तर भिंतीसारखा दिसतो. पण पिवळ्यावर निळ्याची ओढणी घातली की नजर त्यातून आत जाते, खालच्या पिवळ्यावर आपटून परत येते, आणि मग पावसानंतरची भातखाचरे उजळतात तसा तो हिरवा उजळतो.

ही ओढणी नुसत्या पाण्याने पातळ करायची नसते. पाणी फार झाले की राळेचे कण एकमेकांपासून दूर पडतात, त्यांना हात धरता येत नाहीत, आणि पापुद्रा पिठीसारखा भुसभुशीत होतो. पुढचा ओला ब्रश त्याला उचलून नेतो. म्हणून मीडियम नावाचा बिनरंगाचा चीकच त्यात घालायचा आणि रंग अगदी चिमूटभर. असा एक हात काही दाखवीत नाही. चार झाले की वाटते, काहीतरी घडले.

आणि दर दोन हातांमध्ये वाळू द्यायचे. भाद्रपदातल्या वरंधला वाळणे ही काय चीज आहे हे कोकणी गृहिणीला विचारावे. तिथे धोतर चार दिवस दांडीवर ओलेच असते. रंगही वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत ओल धरून बसतो. आमची धाकटी कन्या पुण्याहून आली होती. तिने काकांना मदत म्हणून आपले केस वाळवायचे यंत्र आणले आणि चित्रावर पाच मिनिटे गरम वारा सोडला. रंग चकचकीत सुकला. काकांनी वर ब्रश टेकवला मात्र, दुधावरची साय निघावी तसा तो पापुद्रा सुरकुतून हातात आला. पोरीचे तोंड एवढेसे झाले. दादा रागावले नाहीत. त्यांनी तेवढा भाग खरवडला, घासला, आणि तिला हाताची मागची बाजू कॅनव्हासजवळ धरायला लावली. "गार लागतंय? मग आत पाणी आहे अजून. गार लागायचं थांबलं की पुढचा हात." तेव्हापासून ती दर तासाने कॅनव्हासला आजाऱ्यासारखी हात लावून बघू लागली.

घटस्थापनेच्या सुमारास डोंगर पुरा झाला. गोठ्याची कौले आली, गडगा आला, आंब्याखाली बांधलेली गाय आली. देखणे चित्र झाले होते. आता फक्त शेवटचे दोन संस्कार उरले, आणि एवढ्यात काकी चित्र पाहायला आल्या.

त्यांनी खूप वेळ पाहिले. गाय ओळखली. आंब्याची मोडकी फांदी ओळखली आणि हसल्या. मग त्यांचे बोट हवेतच वरपासून खालपर्यंत फिरले. "मास्तर, दरड कुठं हाय?"

दादा म्हणाले, "मुलानं सांगितलं, नको म्हणून."

"त्यानं बघितली कुठं?" काकी म्हणाल्या. "तो व्हता मुंबईला. मी बघितली."

एवढेच बोलून त्या चहा न घेता गेल्या.

त्या रात्री घरात वाद झाला. वहिनींचे म्हणणे, ज्याने चित्र सांगितले त्याचे ऐकावे. मुलाने परक्या शहरात भिंतीवर दुःख का टांगून घ्यावे? माझे म्हणणे, मुलाला फोन करून विचारावे. दादा काहीच बोलले नाहीत. अडचण अशी होती, की शेवटच्या दोन संस्कारांतला पहिला झाला असता तर चित्र मिटले असते. बिनरंगाचा चकचकीत मीडियम पातळ करून साऱ्या चित्रावर त्याचा एक अखंड हात देतात. हा रंग आणि व्हार्निश यांच्यामधला पडदा. तो कधीच निघत नाही. काय बदलायचे ते त्याच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर आलो तर दादांनी आंबा आणि गोठा तांबड्या रंगाच्या घोंगडीखाली घातला होता. वरपासून खालपर्यंत सरळ पट्टा. मला धस्स झाले. वहिनी तर आत निघून गेल्या. इतक्या दिवसांचे काम एका सकाळीत गेले, असेच कोणालाही वाटले असते.

दादा मला म्हणाले, "दरड म्हणजे तरी काय? खाली घट्ट खडक, वर माती. पाणी मुरत मुरत दोहोंच्या मधे गेलं, वरच्या थराची पकड सुटली आणि तो घसरला. पोरीच्या त्या सायीसारखंच. डोंगराला काय झालं ते मला कळतं. ते झालंच नाही असं मी कसं काढू?"

काकींना पुन्हा बोलावले. त्यांनी पट्ट्याकडे पाहिले, मग ओटीच्या कडेला जाऊन समोरच्या खऱ्या डोंगराकडे पाहिले, आणि मान हलवली. "एवढी लाल ऱ्हायली न्हाय आता. गवत आलंय तिच्यावर."

आम्ही सगळ्यांनीच मग समोर पाहिले. आम्ही रोज पाहत होतो त्या उतारावर खरेच गवत आले होते. पट्टा कुठे होता ते ठाऊक असेल तर दिसत होता. नसेल तर डोळा त्यावरून सरकून जात होता.

पुढचे काही दिवस दादांनी त्या तांबड्यावर फक्त ओढण्या घातल्या. पिवळसर हिरवी, मग निळसर, मग पुन्हा पिवळसर. प्रत्येक हात वाळल्यावर समोरच्या डोंगराशी ताडून पाहायचा. सातव्या हाताला ते थांबले. अगदी जवळ जाऊन, उजेड तिरपा पडला की गोठ्याच्या कौलांची उंच रेघ पापुद्र्यांखाली हलकीशी जाणवे. दादांनी ती घासून काढली नाही.

आता व्हार्निश. ॲक्रिलिकचा पापुद्रा वाळला तरी रबरासारखा जरा मऊच राहतो. त्यावर धूळ बसली की रुतून राहते, आणि दोन चित्रे तोंडाला तोंड लावून ठेवली तर दमट हवेत ती एकमेकांना चिकटतात. म्हणून वरून व्हार्निशचे कवच द्यायचे. पण दमट हवेत व्हार्निश दिले तर त्यात पांढुरकी झाक येते आणि सगळे चित्र धुक्यात जाते. मुलगा वसुबारसेला यायचा होता. पाऊस हटेना. वहिनी रोज पंचांग आणि आभाळ आलटून पालटून पाहत. "चुलीवरच्या कावडीवर टाका, धोतरं वाळतात तसं वाळेल," असा त्यांचा सल्ला. दादा म्हणाले, "मुलगा आला तर ओलं चित्र पाहील. घाई नाही करणार."

ऑक्टोबरच्या मध्यावर एके दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखे निघाले. वारा घाटावरून, कोरडा. तीन दिवस दादांनी नुसती हवा पाहिली. मग मधल्या पडद्याचा हात दिला. तो पुरता वाळल्यावर चित्र टेबलावर आडवे ठेवले, खिडक्या लावून धूळ बसू दिली, आणि रुंद मऊ ब्रशाने व्हार्निश दिले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकाच दिशेने, कमी चकाकीचे. गेलेल्या जागी पुन्हा ब्रश नाही. चुकलेसे वाटले तरी नाही, कारण बसू लागलेल्या व्हार्निशला छेडले की चरे उठतात. पहिला हात वाळल्यावर आडव्या दिशेने दुसरा, आणि तिथेच थांबले. कमी चकाकीच्या व्हार्निशमध्ये चमक मारणारी बारीक पूड असते. तिचे थर चढत गेले की चित्र धुरकट होते.

मुलगा वसुबारसेला आला नाही. रजा मिळाली नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आला. चित्र ओटीवर भिंतीला टेकवून ठेवले होते. आम्ही सगळे उगाचच कामात असल्यासारखे इकडेतिकडे वावरत होतो. त्याने पाहिले. बराच वेळ पाहिले. गोठा नाही, आंबा नाही, हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा त्याने दादांकडे पाहिले. दादा चष्मा पुसत होते.

मग उन्हाची शेवटची तिरीप आत आली आणि हिरव्याच्या आतला तो तांबडा पट्टा उघडा पडला.

"आई," तो म्हणाला, "गोठा नेमका कुठं होता गं?"

"ह्याच्या खाली," काकी म्हणाल्या आणि बोट दाखवले. "काढलाय मास्तरांनी. मी बघितला हाय. खाली हाय."

त्यानंतर त्या खाली बसल्या आणि बोलू लागल्या. किती वाजता कुत्रे ओरडले, दावे कसे कापले, गायीला घेऊन शाळेत कशा गेल्या, दोन दिवस फोन लागत नव्हता तेव्हा काय काय मनात आले. हे सगळे मुलाला ठाऊक असेल असे मी धरून चाललो होतो. त्याच्या चेहऱ्यावरून दिसले, की तो पहिल्यांदाच ऐकतो आहे. त्याने कधी विचारले नव्हते आणि त्यांनी कधी सांगितले नव्हते. वहिनींनी आतून पणत्या आणल्या त्या तशाच हातात धरून त्या उभ्या राहिल्या.

चित्र आता डोंबिवलीला आहे. बांधून देताना दादांनी मुलाला दोन सूचना केल्या. पावसाळ्यात ते भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये, मागे बोटभर जागा सोडावी, म्हणजे बुरशी धरणार नाही. पुसायचे तर कोरड्या मऊ फडक्याने. तिसरी गोष्ट त्यांनी मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवली होती: व्हार्निश कोणते, कधी दिले आणि कशाने निघते. कारण व्हार्निश हा काढण्यासाठीच दिलेला हात असतो. वीस-तीस वर्षांनी तो मळेल. तेव्हा कोणी जाणता माणूस हे वाचून तो अलगद उतरवील. मधला पडदा खालच्या रंगाला धक्का लागू देणार नाही, आणि नवा हात देता येईल.

या दिवाळीला आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी रंगारी येऊन गेला असेल. त्याने अस्तरासाठी एक दिवस अधिक मागितला असेल आणि आपण तो नाखुशीने दिला असेल. भिंत चांगली निघाली असेल तर ती त्या एका दिवसामुळे. फराळाचे ताट रंगाऱ्याच्या घरीही जाऊ द्यावे.